दट्ट्या परत कोण आणतो? हवेवर धावणाऱ्या विटांच्या इंजिनाची गोष्ट

गेल्या चवथीला आमच्या डिचोलीच्या घरी गणपतीसमोर एक आगगाडी फिरत होती. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली, पाटाच्या थोडं अलीकडे रुळांचा गोल मांडला होता. त्यावर लेगोच्या विटांचं इंजिन, मागे दोन उघडे डबे, आणि प्रत्येक डब्यावर सोड्याची अर्ध्या लिटरची बाटली आडवी बांधलेली. बाटल्यांत सायकलच्या पंपाने भरलेली हवा. सेल नाही, वायर नाही, मोटर नाही. आरतीला आलेले शेजारी खाली वाकून बघायचे आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "फुगा सोडल्यावर पळतो, तसं का हे?"

तसं नाही. फुग्यातली हवा मागे सुटते आणि फुगा पुढे ढकलला जातो. या गाडीत हवा आधी दट्ट्या हलवते, दट्ट्या चाक फिरवतो, आणि मग काम झालेली हवा बाहेर जाते. वाफेच्या इंजिनात वाफ हेच करायची. वाफेच्या इंजिनातून आग, पाणी आणि बॉयलर काढून टाका, वाफेच्या जागी दाबलेली हवा द्या, की जे उरतं ते हे इंजिन. १८८०च्या दशकात मुरगावहून निघून घाट चढत कॅसलरॉकला पोचणारी मीटरगेजची इंजिनं आत कशी चालत असतील, हे मला पुस्तकातल्या आकृत्या बघून कधी नीट कळलं नव्हतं. विटा हातात घेतल्यावर कळलं.

आणि ते कळलं माझ्या भाचीच्या एका प्रश्नामुळे. ती फोंड्याला सहावीत आहे. सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला हवेचा सिलेंडर दाखवला. सिरिंजसारखी नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला जोडलेला दांडा. पंप मारला, दांडा सर्रकन बाहेर आला. ती म्हणाली, "मामा, बाहेर तर आला. आता परत कोण आणणार?"

सगळं इंजिन या एका प्रश्नाचं उत्तर आहे. ढकलणं सोपं असतं. परत आणणं, तेही नेमक्या वेळी, हे खरं काम.

पण आधी दाबाबद्दल थोडं. स्कूटरच्या टायरमध्ये हवा भरताना आपण "मागे तीस पौंड मार" म्हणतो. म्हणजे टायरच्या आतल्या बाजूला दर चौरस इंचावर ३० पौंडांचा जोर. आपल्या मापात दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे २.१ किलो. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. काटा शून्यावर असतो तेव्हाही आत हवा असतेच, बाहेर असते तेवढीच. त्या साध्या हवेचा दाब १४.७ पौंड. काटा फक्त त्याच्या वरचा दाब दाखवतो. म्हणजे काटा ३० दाखवतो तेव्हा आतला खरा दाब सुमारे ४५, साध्या हवेच्या तिप्पट. रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो: तापमान तेच असेल तर हवा जितक्या पट दाबाल तितक्या पट ती कमी जागेत मावते. आमच्या दोन बाटल्या मिळून एक लिटरच्या. त्यांत ३० पौंडांवर तीन लिटर हवा कोंबलेली असते.

ही हवा सिलेंडरमध्ये सोडली की काय होतं? सिलेंडरचा आतला व्यास १२ मिलीमीटर धरू. दट्ट्याचं तोंड झालं १.१३ चौरस सेंटीमीटर. त्यावर दर चौरस सेंटीमीटरला २.१ किलो, म्हणजे दट्ट्यावर जवळजवळ २.४ किलोचा जोर. करंगळीएवढ्या जाडीच्या प्लास्टिकच्या नळीतून अडीच किलोच्या आसपास जोर निघतो. भाचीने दांडा अंगठ्याने अडवून धरायचा प्रयत्न केला तेव्हा तिला हा आकडा कळला.

एक खुलासा लगेच करतो, कारण अनेकांना वाटतं की विटाच हवा धरून ठेवतात. नाही. विटा एकमेकींत कितीही घट्ट बसल्या तरी त्यांच्या फटींतून हवा जाते. हवा धरतात फक्त सिलेंडर, व्हॉल्व्ह, नळ्या आणि बाटली. विटा म्हणजे इंजिनाचा सांगाडा. लेगो हवेवर चालणारे सुटे भाग १९८४ पासून काढते, त्यातले खटक्याचे व्हॉल्व्ह आणि दोन्ही बाजूंनी ढकलता येणारे सिलेंडर या कामाला लागतात.

दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. सिलेंडरच्या दोन्ही टोकांना हवा आत घ्यायची तोंडं असतात. खालच्या तोंडातून हवा दिली की दट्ट्या बाहेर, वरच्या तोंडातून दिली की आत. परत आणायला स्प्रिंग नको, हवाच आणते. फक्त एक अट. एका बाजूने हवा येत असताना दुसऱ्या बाजूची हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर दट्ट्या दोन हवांच्या मध्ये अडकून बसेल.

ती वाट व्हॉल्व्ह देतो. त्याला ओळीने तीन तोंडं आणि वर एक खटका. मधल्या तोंडात बाटलीकडून हवा येते. खटका एका बाजूला केला की ती हवा कडेच्या एका तोंडातून सिलेंडरकडे जाते, आणि त्याच वेळी दुसऱ्या कडेच्या तोंडातून सिलेंडरमधली जुनी हवा खटक्याखालून बाहेर पडते. खटका उलट केला की सगळं उलट. मधोमध ठेवला तर सगळं बंद. ही बाहेर पडणारी हवा "फुस्स" करते. वाफेच्या गाडीचा झुकझुक आवाज तो हाच: काम संपलेली वाफ सुटण्याचा. दोन सिलेंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीत असे चार आवाज होतात, कारण प्रत्येक सिलेंडरमधून दोनदा वाफ सुटते.

आता दांडा चाकाला जोडायचा. चाकावर मध्यापासून बाजूला एक खीळ, तिला दांडा. दट्ट्या आतबाहेर झाला की चाक फिरणार. सायकलच्या पेडलमध्ये हेच असतं. आणि सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पाय कितीही जोरात दाबला तरी चाक फिरत नाही. जोर सरळ आसाच्या रोखाने जातो, फिरवायला काहीच उरत नाही. सायकल त्या जागेतून वेगाच्या बळावर निघून जाते. पण गाडी स्टेशनात उभी असताना दट्ट्या नेमका त्या मेलेल्या जागी असला, तर गाडी सुटायची कशी?

म्हणून दोन सिलेंडर. आणि त्यांच्या खिळा पेडलसारख्या समोरासमोर ठेवायच्या नाहीत, कारण मग दोन्ही एकदमच मेलेल्या जागी येतील. पाव फेरीच्या फरकाने ठेवायच्या. एक मेलेल्या जागी असेल तेव्हा दुसरा बरोबर मधोमध, पूर्ण जोरात. वाफेच्या इंजिनांची चाकं अशीच बसवलेली असतात. डावीकडची खीळ वर असेल तर उजवीकडची आडवी.

इथपर्यंत भाचीला पटलं. पण तिचा प्रश्न अजून उभाच होता, थोडा बदलून. "खटका कोण हलवणार? तू बोटाने हलवत बसणार का?"

मला आधी वाटलं होतं की दट्ट्यानेच स्वतःचा खटका हलवावा. टोकाला पोचला की खटक्याला धक्का. करून पाहिलं आणि ते अडकलं. कारण नीट बघितलं तेव्हा सापडलं. चाकाला जोडलेला दट्ट्या टोकाजवळ येताना हळू होत जातो. टोकाला तो क्षणभर थांबलेलाच असतो, आणि नेमकं तिथेच त्याने खटका इकडून तिकडे करायला हवा. ज्याच्यात त्या क्षणी जीवच नाही त्याला आपण सगळ्यात मोठं काम सांगत होतो.

मग त्या क्षणी जीव कोणात असतो? दुसऱ्या दट्ट्यात. तो पाव फेरी मागे किंवा पुढे असल्यामुळे बरोबर मधोमध असतो, सगळ्यात वेगात. म्हणून पहिल्याचा खटका दुसऱ्याने हलवायचा, आणि दुसऱ्याचा पहिल्याने. आम्ही दोन्ही दांड्यांना विटांचे आडवे हात लावले आणि ते एकमेकांच्या खटक्यांपर्यंत नेले. पंप मारला. इंजिन टेबलावर चार वेळा फुसफुसलं आणि फिरत राहिलं. मी खिडकीपाशी उभा होतो, भाची टेबलावर वाकलेली होती, आणि दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

एगिद वाल्शार्ट्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी जी दांड्यांची जोडणी काढली, तिच्यातही हीच कल्पना आहे. जुन्या इंजिनाच्या चाकाबाहेर जे दांडे वरखाली होताना दिसतात, त्यांतला एक चाकावरच्या दुसऱ्या खिळीला जोडलेला असतो, आणि ती खीळ मुख्य खिळीपासून पाव फेरीच्या अंतरावर असते. वाफेला कधी कुठल्या बाजूने सोडायचं हे तो दांडा सांगतो. त्या दांड्यांची ती गुंतागुंत मला लहानपणी फक्त शोभेची वाटायची.

गाडी मागे न्यायची तर? दोन्ही व्हॉल्व्हच्या कडेच्या नळ्या अदलाबदल करायच्या. दोन्ही, हे मी चुकीतून शिकलो. एका संध्याकाळी मी एकाच व्हॉल्व्हच्या नळ्या बदलल्या आणि हवा सोडली. इंजिन थोडं हललं आणि थांबलं. हाताने फिरवून सोडलं, पुन्हा थांबलं. मी साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासले, कुठे गळती नाही. शेवटी भाचीने चाकावर पेनने खूण केली आणि मोजायला बसली. दहा वेळा सोडलं तर दहाही वेळा खूण दोनच जागी थांबत होती, त्याही एकमेकींच्या बरोबर समोर, आणि दोन्ही तिरक्या. तेव्हा उजेड पडला. एक सिलेंडर गाडी पुढे ओढत होता, दुसरा मागे. पहिल्याचा जोर मोठा असेल तिथे चाक पुढे सरकायचं, दुसऱ्याचा मोठा असेल तिथे मागे, आणि दोघांचे जोर सारखे होतात त्या तिरक्या जागी येऊन दोघं एकमेकांना अडवून बसायचे. दुसऱ्या व्हॉल्व्हच्याही नळ्या बदलल्या, इंजिन सुरळीत उलटं फिरू लागलं. या एका चुकीने मला आकृत्यांपेक्षा जास्त शिकवलं.

आता हिशेबाचा भाग. तो मला सगळ्यात आवडतो.

आमच्या सिलेंडरचा दांडा सुमारे ३२ मिलीमीटर बाहेर येतो. विटेवरचे गोल उंचवटे एकमेकांपासून ८ मिलीमीटरवर असतात, म्हणजे चार उंचवट्यांएवढं. ३२ मिलीमीटर आतबाहेर व्हायचं तर खीळ आसापासून १६ मिलीमीटरवर हवी. पण आमच्या चाकाचा व्यास ३० मिलीमीटर, म्हणजे चाकाची कड आसापासून १५ मिलीमीटरवरच संपते. खीळ चाकाच्या बाहेर हवेत लोंबकळणार! म्हणून खऱ्या इंजिनासारखं दांड्याने थेट चाक फिरवता येत नाही. सिलेंडर आणि त्यांचा फिरता आस इंजिनाच्या पोटात ठेवायचे आणि तिथून दातेरी चाकांनी खाली रुळावरच्या चाकांपर्यंत फिरणं न्यायचं.

दातेरी चाकं घालायचीच आहेत तर किती दात्यांची? हे ठरवायला हवेचा खर्च बघावा लागतो. सिलेंडर एकदा पूर्ण भरला की १.१३ गुणिले ३.२, सुमारे ३.६ घन सेंटीमीटर हवा गेली. आसाच्या एका फेरीत दोन सिलेंडर दोन-दोनदा भरतात. एकूण साधारण १४.५ घन सेंटीमीटर. आमच्याकडे साठा हजार घन सेंटीमीटरचा. म्हणजे प्रत्येक फेरीत बाटलीतली जवळजवळ दीड टक्का हवा बाहेर. दाब दर फेरीला तेवढाच उतरत जातो. आमचं इंजिन काटा १५ पौंडांच्या खाली गेला की थांबतं. ३० वरून १५ पर्यंत उतरायला कागदावर अठ्ठावीस फेऱ्या लागतात. अठ्ठावीसच!

आसाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी ठेवली, तर ३० मिलीमीटरचं चाक एका फेरीत ९४ मिलीमीटर जातं. अठ्ठावीस फेऱ्यांत अडीच मीटरच्या थोडं पुढे. आमच्या गोलाची त्रिज्या ३२० मिलीमीटर, घेर दोन मीटर. म्हणजे पूर्ण भरलेल्या दोन बाटल्यांत सव्वा फेरा. आरतीच्या पहिल्या कडव्यालाही पुरायचा नाही.

म्हणून आसावर २४ दात्यांचं चाक आणि रुळावरच्या चाकाच्या आसावर ८ दात्यांचं. आस एकदा फिरला की चाक तीनदा. अंतर तिप्पट, जवळजवळ आठ मीटर. आणि जोर एक तृतीयांश. ही सौदेबाजी टाळता येत नाही. हवेत जेवढं काम साठवलंय तेवढंच मिळणार, ते लांब पसरून घ्यायचं की थोड्यात जोराने, एवढंच आपल्या हातात. मी ४० आणि ८ दात्यांची जोडीही लावून पाहिली, पाचपट. गाडी जागची हललीच नाही.

का हलली नाही, हे शोधताना या इंजिनाचा खरा शत्रू सापडला. कागदावर तिप्पट जोडणीतही रुळावर एक किलोच्या आसपास ओढ मिळायला हवी. स्प्रिंगच्या काट्याने मोजली तर दीडशे ग्रॅमच्या पुढे चाकं घसरत होती, आणि पाचपट जोडणीत तर तेवढीही ओढ नव्हती. तिप्पट जोडणीत अडचण चाकांच्या पकडीची होती, पण पाचपट जोडणीतला जोर खटके खात होते. व्हॉल्व्हच्या आत रबर घट्ट दाबून बसवलेलं असतं, हवा गळू नये म्हणून, आणि तो खटका माणसाच्या बोटाने अधूनमधून हलवायला बनवलेला असतो. आपण त्याला मिनिटाला शंभरदा हलवायला लावतो. सिलिकॉनचं तेल एक थेंब आत सोडलं आणि खटका काही वेळ हाताने इकडून तिकडे करत बसलो, तेव्हा फरक पडला. घरातलं शिलाई मशीनचं तेल वापरू नये, खनिज तेलाने साधं रबर फुगतं. खोबरेलही नको, ते काही दिवसांनी चिकट होतं.

दुसरा चोर नळ्या. व्हॉल्व्हपासून सिलेंडरपर्यंतची नळी प्रत्येक वेळी भरते आणि प्रत्येक वेळी रिकामी होते, काही काम न करता. नळीची आतली पोकळी २ मिलीमीटर धरली तर १० सेंटीमीटर नळीत ०.३ घन सेंटीमीटर. चार वेळा मिळून एका फेरीत १.२, म्हणजे आठ टक्के हवा फुकट. व्हॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी आणून नळ्या निम्म्या केल्या. बाटलीपासून व्हॉल्व्हपर्यंतची नळी मात्र लांब असली तरी चालते, तिच्यातला दाब सुटत नाही. हा फरक बांधणाऱ्याने नीट समजून घ्यावा. माझ्या हिशेबी पाचपट जोडणीच्या मागे लागण्यापेक्षा नळी दोन इंच कापणं जास्त फायद्याचं.

इतकं करूनही हवा ही साठवणीसाठी कंजूष वस्तू आहे हे मान्य करायला हवं. ३० पौंडांवर एक लिटर हवेतून, काही वाया न घालवता, जास्तीत जास्त १३० ज्यूलच्या आसपास काम मिळू शकतं. टॉर्चमधल्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे १० हजार ज्यूल असतात. आमचं इंजिन त्या १३० मधलेही निम्मेच वापरतं. एक कारण असं की आपण सिलेंडर पूर्ण भरतो आणि मग ती हवा, अजून दाब असतानाच, बाहेर सोडून देतो. वाफेच्या इंजिनाचा चालक गाडीने वेग घेतला की वाफ दट्ट्याच्या वाटेच्या सुरुवातीपुरतीच आत सोडायचा. पुढची वाट ती कोंडलेली वाफ फुगत फुगत दट्ट्याला ढकलायची. तेवढ्याच कोळशात जास्त मैल. साध्या खटक्याच्या व्हॉल्व्हने हे जमत नाही.

भाचीने आणखी एक गोष्ट हेरली. बाटली भरून थोडा वेळ ठेवली की काटा आपोआप दोनेक पौंडांनी उतरायचा. ती म्हणाली, गळते. पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवतो तशी बाटली बादलीत बुडवली, एकही बुडबुडा नाही. खरं कारण पंपाला हात लावल्यावर कळतं. तो गरम असतो. हवा दाबली की तापते, तापलेली हवा बाटलीत जाते, निवते, आणि दाब उतरतो. म्हणून भरून थोडं थांबायचं आणि मग वरून चार पंप मारायचे. आणि बाटली निवली की तिच्या आतल्या बाजूला धुकं यायचं. ही मात्र गोव्याच्या पावसाळ्याची देणगी. भाद्रपदातली आपली हवा पाण्याने भिजलेली असते. ३० अंशाला एक लिटर हवेत जास्तीत जास्त ३० मिलीग्रॅम वाफ मावते, मग हवा दाबलेली असो वा नसो. आपण तीन लिटर ओली हवा एका लिटरमध्ये कोंबतो, तेव्हा जास्तीचं पाणी बाहेर पडणारच. हिशेब केला तर साधारण ५० मिलीग्रॅम, म्हणजे दोन्ही बाटल्यांत मिळून मोजून एक थेंब. रिकाम्या करून दहा वेळा भरल्या की दहा थेंब. ते व्हॉल्व्हमध्ये जाऊ नयेत म्हणून नळी बाटलीच्या वरच्या अंगाने काढायची आणि रात्री बुचं उघडून बाटल्या उलट्या ठेवायच्या.

हाच ओलावा खऱ्या हवेच्या इंजिनांना फार मोठ्या प्रमाणावर भोवला. दाबलेली हवा फुगताना थंड होते, आणि मोठ्या दाबावर इतकी थंड की सिलेंडरच्या तोंडाशी बर्फ धरतो. फ्रान्समध्ये लुई मेकार्स्की यांनी यावर तोड काढली. हवा गरम पाण्याच्या टाकीतून नेऊन मग सिलेंडरमध्ये सोडायची. त्यांच्या पद्धतीच्या ट्राम नांत शहरात १८७९ पासून धावल्या. त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटातून गोटहार्डचा १५ किलोमीटरचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खणला गेला, तेव्हा आतला राडारोडा बाहेर काढायला हवेची इंजिनं वापरली. बोगद्यात कोळशाचा धूर कोंडला असता, माणसं गुदमरली असती. हवेचं इंजिन उलट आत हवाच सोडतं. कोळशाच्या खाणींतही ती याच कारणाने गेली, तिथे ठिणगी म्हणजे स्फोट. आणि आजही कुळे स्टेशनात गाडी थांबते तेव्हा जो दीर्घ सुस्कारा ऐकू येतो तो हवेचाच. भारतीय रेल्वेच्या हवेच्या ब्रेकच्या मुख्य नळीत दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब असतो, आमच्या बाटलीच्या दुपटीहून जास्त. हा दाब ब्रेक सोडवून धरतो, तो उतरला की ब्रेक लागतात. नळी तुटली तरी गाडी थांबतेच.

बाटलीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. ती सोड्याचीच हवी. बंद सोड्याच्या बाटलीत मुळातच आपल्या ३० पौंडांपेक्षा जास्त दाब असतो, ती त्यासाठीच बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली, काचेची बाटली, चरे पडलेली, उन्हात राहिलेली किंवा गरम करून आकार बदललेली बाटली, यातलं काहीही नको. बुचाला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला की पहिली चाचणी बाटली पाण्याने काठोकाठ भरून करायची, वर थोडीच हवा मारायची. पाणी दबत नाही, त्यामुळे त्यात जोर साठत नाही. बाटली फुटली तर नुसती चिरते, पाणी सांडतं. हवा भरलेली फुटली तर तुकडे उडतात. ही चाचणी मोठ्यांनी करायची, आणि एरवीही पंप मारताना मुलांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. आमच्या घरी ३५ पौंडांच्या पुढे काटा न्यायचा नाही असा नियम आहे आणि तो भाची माझ्याकडूनही पाळून घेते.

चवथीला गाडी एका भरण्यात साडेतीन फेरे मारायची. कागदावर चार, प्रत्यक्षात साडेतीन. अर्धा फेरा नळ्यांनी आणि वळणांनी खाल्ला.

विसर्जन झाल्यावर रुळ सरळ मांडले. कुळे आणि कॅसलरॉकच्या मधल्या ब्रागांझा घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. भाचीने हिशेब केला. एक मीटर रुळाला २७ मिलीमीटर उंची. एक वीट ९.६ मिलीमीटर. तिने रुळाच्या एका टोकाखाली तीन विटा ठेवल्या, म्हणजे घाटापेक्षा किंचित जास्तच चढ. दीड किलोच्या गाडीला त्या चढावर फक्त ४० ग्रॅम जादा ओढ लागते, तरी अर्ध्या वाटेवर चाकं जागच्या जागी फिरू लागली. रुळांवर घामाची बोटं लागली होती. चाकांवरचे रबरी कडे आणि रुळ साबणाच्या पाण्याने पुसले, कोरडे केले, तेव्हा गाडी वर पोचली, शेवटच्या पावला-पावलाला फुसफुसत. मग तिने बाटलीच्या मागे अजून एक डबा जोडला आणि त्यात माझा मोबाईल ठेवला. आता गाडी चढेना.

"कुळ्याला काय करतात?" मी विचारलं.

"मागून इंजिन लावतात," ती म्हणाली, आणि विटांचा डबा पुढे ओढला. दुसऱ्या इंजिनाची नळीही याच बाटल्यांना जोडायची की त्याला स्वतःची बाटली द्यायची, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. माझं म्हणणं स्वतःची, कारण एका साठ्यावर दोन इंजिनं म्हणजे फेरे निम्मे. तिचं म्हणणं, घाट एक मीटरचाच तर आहे.